इंग्रजीच्या अभ्यासाला आजीची मराठी

“मराठीच्या वर्गात तास घालवण्यापेक्षा मुलांनी तेवढा वेळ इंग्रजी केले तर बगरूतला उपयोग होईल,” असे बरेच आईबाप म्हणतात. त्यांचे म्हणणे उडवून लावण्यासारखे नाही. इस्राएलमध्ये इंग्रजीचा बगरूत तीन, चार किंवा पाच यखिदोतचा असतो आणि पुढच्या शिक्षणात त्याचा विचार होतो. प्सिखोमेत्रीच्या परीक्षेतही इंग्रजीचा स्वतंत्र भाग असतो. मराठीच्या वर्गाचे गुण मात्र कुठल्याच प्रमाणपत्रावर येत नाहीत. तेव्हा ज्यांना मुलांच्या भवितव्याची काळजी आहे, त्यांनी असा हिशेब करावा यात नवल नाही.

पण या हिशेबात एक गोष्ट न तपासता धरली आहे. मराठीला दिलेला वेळ इंग्रजीतून वजा होतो, ही ती गोष्ट. प्रत्यक्षात इंग्रजी व्याकरणातला एक धडा असा आहे की जो इथल्या मुलांना फार नडतो आणि जो मराठी कळणाऱ्या मुलाला आजीशेजारी बसून अर्ध्या तासात समजतो. तो धडा म्हणजे वाक्यातली प्रिपोझिशनल फ्रेज ओळखणे. हा धडा मराठीच्या वर्गातच शिकवला जावा, आणि तो शिकवताना घरातल्या वडीलधाऱ्यांना हाताशी धरावे, एवढेच या लेखाचे म्हणणे आहे.

आधी धडा काय आहे ते पाहू. इन, ऑन, ॲट, फ्रॉम, विथ, अंडर, बिहाइंड, ऑफ असे छोटे शब्द इंग्रजीत नामाच्या आधी येतात. त्यांना प्रिपोझिशन म्हणतात. तो शब्द, त्याच्यामागून येणारे नाम, आणि मध्ये असतील ते ‘द’, ‘माय’, ‘ओल्ड’ यांसारखे शब्द मिळून एक गट होतो. ‘इन द हाउस’ हा एक गट, ‘बिहाइंड द ओल्ड वॉल’ हा दुसरा. या गटाला प्रिपोझिशनल फ्रेज म्हणतात. शाळेत मुलांना प्रिपोझिशनची यादी पाठ करायला देतात, आणि मग वाक्यातल्या त्या शब्दांखाली रेघा मारायला सांगतात. मुले रेघा मारतात. पण गट कुठे संपतो आणि तो वाक्यातल्या कुठल्या शब्दाला चिकटतो, हे रेघ मारून कळत नाही. खरी अडचण तिथेच आहे.

ही अडचण परीक्षेत कशी नडते ते एका वाक्यावरून दिसेल. ‘द लिस्ट ऑफ द चिल्ड्रन इन द टू क्लासेस इज रेडी.’ पुष्कळ मुले इथे ‘इज’ऐवजी ‘आर’ लिहितात, कारण क्रियापदाच्या अगदी जवळ ‘क्लासेस’ हे अनेकवचन बसले आहे. ‘ऑफ द चिल्ड्रन’ आणि ‘इन द टू क्लासेस’ हे दोन गट बोटाने झाकले की उरते ‘द लिस्ट इज रेडी’. झाकायचे काय हे ज्याला कळले, त्याला वाक्याचा कर्ता सापडला. लांबलचक उतारा वाचताना जो विद्यार्थी गोंधळतो, त्याला बहुधा शब्दांचे अर्थ येत असतात. पण वाक्याचा कणा कुठला आणि फांद्या कुठल्या, हे त्याला उमगत नाही.

आता तीन भाषा शेजारी ठेवाव्यात. तोराचा पहिला शब्दच पाहा: बेरेशित. यातला ‘बे’ हा हिब्रूतला प्रिपोझिशन, आणि तो पुढच्या शब्दाला डोक्यावरच्या टोपीसारखा चिकटला आहे. इंग्रजीत त्याच्याच जागी ‘इन द बिगिनिंग’ असे तीन सुटे शब्द येतात. मराठीत म्हणायचे ‘आरंभी’. मराठीने खूण शब्दाच्या शेवटी लावली, आणि तीही एका वेलांटीत. तसेच ‘बा-बाइत’, ‘इन द हाउस’, ‘घरात’. हिब्रू पुढून जोडते, इंग्रजी पुढे पण सुटे ठेवते, मराठी मागून जोडते. तिन्ही भाषा काम एकच करतात, जागा मात्र वेगळ्या.

शाळेत मुले हिब्रूच्या तासाला ‘मिलोत याखास’ शिकतात, म्हणून त्यांना वाटते की हिब्रूची मदत पुरे आहे. ती आहेच. पण मराठीत आणखी दोन गुण आहेत, आणि ते या धड्याला फार उपयोगी पडतात.

पहिला गुण असा की मराठीत प्रत्यय लागण्याआधी बहुतेक नामे आपले रूप बदलतात. घर असते, पण घराला, घरामागे, घरासाठी होते. मलिदा असतो, पण मलिद्याचा, मलिद्यावर होते. मूल असते, पण मुलांसाठी होते. या बदललेल्या रूपाला व्याकरणात सामान्यरूप म्हणतात. मराठी शाळेत शिकलेल्या कोणत्याही आजोबांना विचारा, ते ‘स, ला, ते, स, ला, ना, ते’ ही विभक्तीची ओळ झोपेतही म्हणून दाखवतील. सामान्यरूप म्हणजे नामाने केलेली घोषणा: माझ्यामागून कोणीतरी येत आहे, आम्हाला एकत्र धरा. त्यामुळे मराठीत गट कुठे संपला याबद्दल सहसा शंका राहत नाही. ‘बिहाइंड द ओल्ड वॉल’ हे ‘जुन्या भिंतीमागे’ झाले की ‘जुन्या’पासून ‘मागे’पर्यंत सगळे एका दोऱ्यात ओवलेले दिसते. ‘जुनी भिंत’ म्हणणारी आजी ‘जुन्या भिंतीमागे’ म्हणते तेव्हा विशेषणसुद्धा बदलते. इंग्रजीत ‘ओल्ड वॉल’ जसेच्या तसे राहते, तिथे मुलाला असा इशारा मिळत नाही.

याच जागी मराठी शाळेतला दुसरा एक जुना नियम कामाला येतो. ‘मांजर आत आली’ यात ‘आत’ सुटे आहे, म्हणून ते क्रियाविशेषण. ‘मांजर घराच्या आत आली’ यात ‘आत’ घराला धरून आहे, म्हणून ते शब्दयोगी अव्यय. शब्दयोगी म्हणजे शब्दाशी योग पावलेले. नामाचा आधार नसेल तर ते शब्दयोगी नव्हे. इंग्रजीत अगदी हाच नियम आहे. ‘द कॅट केम इन’ यात फ्रेज नाही, कारण ‘इन’च्या मागे नाम नाही. ‘द कॅट केम इन द हाउस’ यात ती आहे. समाजातल्या कित्येक आजी-आजोबांनी हा नियम मराठी शाळेच्या बाकावर शिकून घेतला आहे. तो इंग्रजीलाही लागू पडतो हे मात्र त्यांना कोणी सांगितलेले नसते.

मराठीचा दुसरा गुण याहून मोठा आहे. तो समजण्यासाठी दोन वाक्ये घेऊ.

‘शी फ्राइड द फिश इन द पॅन.’
‘शी फ्राइड द फिश इन द फ्रिज.’

इंग्रजीत ही दोन्ही वाक्ये सख्ख्या बहिणींसारखी दिसतात. शब्दांचा क्रम तोच, ‘इन’ तोच. आता ती आजीला मराठीत सांगायला लावा. पहिले होईल, ‘तिने कढईत मासा तळला.’ दुसरे होईल, ‘तिने फ्रिजमधला मासा तळला.’ दुसऱ्या वाक्याला जर नातवाने ‘तिने फ्रिजमध्ये मासा तळला’ असे म्हटले, तर सारे घर हसेल. ‘मध्ये’ आणि ‘मधला’ यांतला हा फरक मराठी माणूस न शिकता पाळतो. ‘कढईत’ हे तळण्याबद्दल सांगते, ते क्रियापदाकडे जाते. ‘फ्रिजमधला’ हे माशाबद्दल सांगते, ते नामाकडे जाते. इंग्रजी व्याकरणाच्या पुस्तकात या दोन प्रकारांना लांबलचक नावे आहेत आणि मुले ती घोकतात. मराठीत तो फरक तोंडातच तयार आहे.

वर आणि वरचा, मागे आणि मागचा, जवळ आणि जवळचा, घरात आणि घरातला, साठी आणि साठीचा: प्रत्येक जोडीतले पहिले रूप क्रियेकडे बोट दाखवते, दुसरे नामाकडे. हिब्रूतही ‘शे’ लावून हे करता येते. ‘हा-दाग शे-बा-मकरेर’ म्हटले की फ्रिजमधला मासा हे स्पष्ट होते. पण मराठीचे ‘चा’ आणि ‘ला’ यांच्यापुढे जातात. ते ज्या नामाचे असतात त्याचे लिंग आणि वचन घेतात. फ्रिजमधला मासा, फ्रिजमधली भाजी, फ्रिजमधले दूध. म्हणजे गट नामाकडे जातो एवढेच नव्हे, तर बहुतेक वेळा कुठल्या नामाकडे जातो हेही रूपावरून कळते.

समाजातली आडनावेसुद्धा हेच काम करतात. पेणकर म्हणजे पेणचा, नवगावकर म्हणजे नवगावचा, किहीमकर म्हणजे किहीमचा. इंग्रजीत सांगायचे तर ‘ऑफ पेण’, ‘फ्रॉम नवगाव’. अर्धी वस्ती आपल्या नावातच एक गट घेऊन फिरते, आणि तो माणसाला चिकटतो, क्रियेला नव्हे. वर्गात हे उदाहरण दिले तर मुलांना ‘नामाकडे जाणारी फ्रेज’ म्हणजे काय ते पुन्हा समजावून सांगावे लागणार नाही.

गटांची साखळी झाली की हा गुण आणखी उपयोगी पडतो. ‘द की टू द कबर्ड इन द किचन ऑफ द ओल्ड हाउस इज लॉस्ट.’ हे वाक्य वाचून नववीतला मुलगा विचारतो की हरवले काय: घर, कपाट की किल्ली? त्याला म्हणावे, मराठीत सांग. ‘जुन्या घराच्या स्वयंपाकघरातल्या कपाटाची किल्ली हरवली.’ इंग्रजी वाक्यात किल्ली पहिली आणि घर शेवटी. मराठीत घर पहिले आणि किल्ली शेवटी. माळ तीच, फक्त दुसऱ्या टोकाने उचलली. ‘घराच्या’ स्वयंपाकघराकडे जाते, ‘स्वयंपाकघरातल्या’ कपाटाकडे जाते, ‘कपाटाची’ किल्लीकडे जाते, आणि ‘हरवली’ हे क्रियापदही किल्लीशीच जुळते. ज्याने हे वाक्य एकदा उलटून पाहिले, त्याला पुढची साखळी सोडवायला यादीची गरज पडत नाही.

फसव्या जागांवरही ही कसोटी बऱ्याचदा चालते. ‘ही पुट ऑन द कोट’ या वाक्यात ‘ऑन द कोट’ हे फ्रेजसारखे दिसते. मराठीत मात्र ‘त्याने कोट घातला’ असे होते. ‘कोटावर’ कुठेच येत नाही. म्हणजे ‘ऑन’ इथे कोटाचा नसून ‘पुट’चा जोडीदार आहे. ‘ही पुट द कोट ऑन द चेअर’ म्हटले की ‘खुर्चीवर’ येते, आणि ती खरी फ्रेज. ‘ही लुक्ड अप द वर्ड’ याचेही तसेच: त्याने शब्द शोधला, शब्दाच्या वर कोणी पाहिले नाही.

एका ठिकाणी मात्र तिन्ही भाषा मिळून फसवतात, ते मुलांना आधीच सांगून ठेवावे. ‘टू लोद’ ही फ्रेज आहे, ‘टू ईट’ ही नाही. हिब्रूत दोन्हीकडे ‘ले’ आहे: ले-लोद, ले-एखोल. मराठीत दोन्हीकडे ‘ला’ आहे: लोदला, खायला. इथे प्रत्यय काढून मागे काय उरते ते पाहावे. लोद उरले तर ते नाव आहे, गट खरा. खाणे उरले तर ती क्रिया आहे, गट नव्हे. तसेच ‘आफ्टर द वेडिंग’ म्हणजे लग्नानंतर, ही फ्रेज. पण ‘आफ्टर द गेस्ट्स लेफ्ट’ म्हणजे पाहुणे गेल्यानंतर, यात ‘लेफ्ट’ हे क्रियापद आहे, म्हणून ते छोटे वाक्यच झाले. मराठीत दोन्हीकडे ‘नंतर’ ऐकू येते. तेव्हा गटाच्या आत क्रियापद लपले आहे का, हे इंग्रजी वाक्यातच शोधावे लागते.

इथपर्यंत मराठीची बाजू झाली. आता तिची हद्दही सांगायला हवी, नाही तर हा लेख एकांगी होईल. मराठीचा उपयोग फ्रेज ओळखण्यासाठी करावा, प्रिपोझिशन निवडण्यासाठी करू नये. दोन्ही कामे वेगळी आहेत आणि त्यांची गल्लत झाली की नुकसान होते.

कुत्र्या‘ला’ घाबरणे हे मराठी, कुत्र्या‘पासून’ घाबरणे हे हिब्रू, आणि इंग्रजीत ‘अफ्रेड ऑफ’. लग्न मराठीत कोणा‘शी’ होते, हिब्रूत कोणा‘बरोबर’ होते, इंग्रजीत ‘मॅरीड टू’. मराठी माणूस एखाद्या विषया‘वर’ चर्चा करतो म्हणून इंग्रजीतही ‘डिस्कस’च्या मागे ‘अबाउट’ जोडतो, आणि इंग्रजीला तिथे काहीच नको असते. मराठीत ‘घरी’ गेला म्हटले तरी इंग्रजीत ‘वेंट होम’, मध्ये ‘टू’ नाही. मराठीत ‘मोशेला पाहिले’ आणि हिब्रूत तिथे ‘एत’, पण इंग्रजीत नुसते ‘सॉ मोशे’. अशा जागा वाचून, ऐकून आणि लिहूनच पक्क्या होतात. त्यांना भाषांतराचा आधार घेतला की माणूस पडतो.

क्वचित मराठी निवडीलाही हात देते. हिब्रूत शनिवारी, सात वाजता आणि मे महिन्यात या तिन्हीला एकच ‘बे’ पुरतो: बे-शब्बात, बे-शेवा, बे-माई. म्हणून इथली मुले इंग्रजीत तिन्हीकडे ‘इन’ टाकून मोकळी होतात. मराठीत मात्र तीन वेगळ्या खुणा आहेत: शनिवारी, सात वाजता, मे महिन्यात. इंग्रजीतही तीनच: ऑन सॅटरडे, ॲट सेव्हन, इन मे. वाराचा ‘ई’ तो ऑन, घड्याळाचा ‘वाजता’ तो ॲट, महिन्याचा ‘त’ तो इन, असे मनात तीन कप्पे करून ठेवता येतात. पण लगेच ‘सकाळी’ला ‘इन द मॉर्निंग’ आणि ‘रात्री’ला ‘ॲट नाइट’ येते आणि कप्पे मोडतात. म्हणूनच निवडीच्या बाबतीत मराठीवर भिस्त ठेवू नये.

काही शिक्षकांचे मत आहे की इंग्रजी हे इंग्रजीतूनच शिकवावे, मध्ये दुसरी भाषा आणू नये. बोलणे शिकवताना हे बरोबर आहे. मराठी शाळांतून शिकलेल्या पिढीचे इंग्रजी तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालांवर पोसले गेले. त्या पिढीला वाक्य सोडवता येई, पत्र लिहिता येई, पण बोलताना आधी मनात मराठी वाक्य जुळवावे लागे आणि तोवर समोरचा माणूस पुढे गेलेला असे. ती उणीव खरी होती. पण इथे प्रश्न बोलण्याचा नाही, वाक्याची रचना पाहण्याचा आहे. रचना पाहायला तुलना लागते. एकच भाषा येणाऱ्याला आपल्या भाषेची हाडे दिसत नाहीत. दुसरी शेजारी ठेवली की दिसू लागतात. इथले मूल इंग्रजी शिकताना मनातल्या मनात हिब्रूशी तुलना करतच असते. त्यात तिसरी भाषा उघडपणे आली तर गोंधळ वाढण्याऐवजी कमी होतो.

शिवाय ही रीत समाजाला नवी नाही. १८३२ साली जॉन विल्सन या मिशनरीने मुंबईत हिब्रूचे व्याकरण मराठीतून छापले. त्याचा हेतू काहीही असो, एक गोष्ट त्यातून दिसते: त्या काळी बेने इस्राएलांना हिब्रू शिकायचे तर मराठी हाच जिना होता. पुढे १८४६ साली मुंबईत आणि १८७४ साली पुण्यात छापलेल्या हगादांमध्ये हिब्रूबरोबर मराठी भाषांतर आले. जोसेफ इझिकेल राजपूरकर यांनी प्रार्थनांची मराठी भाषांतरे केली. पेसाहच्या रात्री हिब्रू ओळीवरून नजर मराठी ओळीवर आणि तिथून परत नेत पूर्वजांनी पवित्र भाषेची रचना ओळखली. तेव्हा हिब्रू दूर होती आणि मराठी जवळची. आज नातवंडांना हिब्रू जवळची, इंग्रजी शाळेची आणि मराठी दूरची झाली आहे. जिन्याच्या पायऱ्यांचा क्रम बदलला. जिना मोडून टाकण्याचे कारण नाही.

मराठी दूर गेली म्हणजे नेमके काय गेले, हेही पाहिले पाहिजे. मुलांना मराठी शब्द पुष्कळ येतात. चपाती, मलिदा, आजी, बस, जेव, झोप हे सगळे कळते. आधी गळून पडतात ते प्रत्यय आणि सामान्यरूपे. मुले ‘घर मध्ये’ म्हणतात, ‘टेबल वर’ म्हणतात, ‘मलिदा चा ताट’ म्हणतात. अर्थ पोचतो, म्हणून कोणी दुरुस्त करत नाही. किंवा मोठी माणसे हसतात आणि मूल हिब्रूकडे वळते. आजी मराठीत विचारते, नातू हिब्रूत उत्तर देतो, आणि दोघांनाही ते सवयीचे होते. जो भाग सगळ्यांत आधी हरवतो आहे, नेमका तोच भाग इंग्रजीच्या या धड्याला लागतो. ‘फ्रिजमध्ये’ आणि ‘फ्रिजमधला’ यांतला फरक ज्या मुलाच्या कानातून गेला, त्याची मराठी तर उणी झालीच, पण इंग्रजीची एक किल्लीही हातची गेली.

म्हणून पालकांनी हिशेब पुन्हा करावा. ‘आमचे इंग्रजी कच्चे, आम्ही काय शिकवणार’ असे म्हणणाऱ्या आजी-आजोबांनीही करावा. या कामाला त्यांचे इंग्रजी लागत नाही. वाक्याचा अर्थ मूल सांगेल. ते शुद्ध मराठीत कसे म्हणायचे, एवढेच त्यांनी सांगायचे. नातवाचे ‘घर मध्ये’ ऐकून हसण्याऐवजी ‘घरामध्ये म्हण, बाळा’ असे म्हणावे. आणि तरुणांनी आजोबांच्या इंग्रजी उच्चारांना हसू नये. एकाकडे अर्थ आहे, दुसऱ्याकडे रचना आहे. दोघे मिळून एक वाक्य सोडवतात.

वर्गात रोज पंधरा मिनिटे पुरतील. मुलाने शाळेच्या पुस्तकातले एक लांब इंग्रजी वाक्य आणावे, आणि मोठ्या माणसाबरोबर बसून तीन प्रश्न विचारावेत. मराठीत कुठल्या नामाला शेपूट लागले? ते शेपूट क्रियेकडे जाते की नामाकडे, म्हणजे ‘मध्ये’ की ‘मधला’? आणि हे सगळे गट झाकले तर मागे काय उरते? नमुन्यासाठी एक वाक्य सोडवून पाहू.

‘ऑन सॅटरडे नाइट, आफ्टर द प्रेअर, द वुमन फ्रॉम द हाउस बिहाइंड द सिनेगॉग केम टू द डोअर विथ अ प्लेट ऑफ मलिदा फॉर द चिल्ड्रन.’

मराठीत: ‘शनिवारी रात्री प्रार्थनेनंतर सिनेगॉगामागच्या घरातली बाई मुलांसाठी मलिद्याचे ताट घेऊन दारी आली.’

शनिवारी रात्री, प्रार्थनेनंतर, दारी: हे तीन गट ‘आली’कडे जातात, कधी आली, कशानंतर आली, कुठे आली. ‘सिनेगॉगामागच्या’ घराकडे जाते, ‘घरातली’ बाईकडे, ‘मलिद्याचे’ ताटाकडे. ‘मुलांसाठी’ला ‘चे’ लागलेले नाही, म्हणून आजीने ते येण्याशी जोडले. तिने ‘मुलांसाठीचे ताट’ म्हटले असते तर ते ताटाकडे गेले असते. इंग्रजीत दोन्ही अर्थ बसतात, आणि त्यावर वर्गात वाद घालायला हरकत नाही. ‘विथ अ प्लेट’ला मराठीने ‘ताट घेऊन’ म्हटले, प्रत्यय लावला नाही. कसोटी कधीकधी अशी हुलकावणी देते हेही मुलांनी पाहून ठेवावे. एकूण आठ गट झाले. ते आठही झाकले की उरते ‘द वुमन केम’, बाई आली. एवढ्या मोठ्या वाक्याचा कणा दोन-तीन शब्दांचा आहे, हे मुलाने स्वतः शोधून काढले म्हणजे पुढच्या उताऱ्याला ते घाबरणार नाही.

मराठी टिकावी असे सगळेच म्हणतात. पण पेटीतल्या शालूसारखी ती सणापुरती बाहेर काढली, तर घडीवर विरून जाईल. भाषा रोजच्या कामाला लागली तर टिकते, आणि नातवंडांचे रोजचे काम म्हणजे शाळेचा अभ्यास. पुढच्या तासाला मुलांनी इंग्रजीचे पुस्तक बरोबर आणावे, आणि आजी-आजोबांनी चष्मा.